तेलाच्या लेन्सचं तेल शेजारच्या लेन्सला लागू नये म्हणून

नाशिकमधल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमधला, कॉलेजातला किंवा दिंडोरीकडच्या वायनरीतला चार-पाच वर्षं रोज वापरलेला मायक्रोस्कोप घ्या. त्याची ४०एक्सची (४० पट मोठं दाखवणारी) लेन्स काढून तिचं टोक भिंगाखाली धरा. बहुतेक वेळा तिथे वाळलेल्या तेलाचा पिवळट राप दिसतो. ज्या १००एक्सला रोज तेल लागतं, ती मात्र अनेकदा ठणठणीत असते.

१००एक्स ऑइल इमर्शनची लेन्स, म्हणजे स्लाइडवर तेलाचा ठिपका ठेवून बघायची लेन्स, तेलात टेकण्यासाठीच बनवलेली असते. तिची पुढची काच आणि भोवतीची धातूची कड यांच्यातला सांधा तेल आत जाऊ नये असा बंद केलेला असतो. ४०एक्स ही कोरडी लेन्स. तिथे असा बंदोबस्त असेलच याची खात्री नसते, आणि पुढची काच बऱ्याचदा किंचित खोलगट असते. त्या खळगीत गेलेलं तेल वरवर पुसून निघत नाही. म्हणून तेलापासून लेन्स सांभाळायची म्हणजे मुख्यतः ४०एक्स सांभाळायची. त्यानंतर कंडेन्सर (स्लाइडच्या खालचं, उजेड एकवटणारं भिंग), आणि मग १००एक्सचा स्प्रिंगवाला भाग.

आधी ठरवा, तेल लागणार आहे का

द्राक्षाच्या पानावरचा केवडा किंवा भुरी, कांद्यावरच्या करप्याचे बीजाणू, लघवीतल्या पेशी, वायनरीतली यीस्टची मोजणी, यातल्या कशालाही तेल लागत नाही. १०एक्स आणि ४०एक्सवर काम भागतं. तेल लागतं ते जिवाणूंना, मलेरियाच्या परजीवीला, थुंकीतल्या टीबीच्या जंतूंना आणि रक्तातल्या पेशींचा बारकावा बघायला.

यीस्ट मोजायच्या चेंबरवर तर १००एक्स आणूच नका. चेंबरवर ठेवायची झाकणाची काच साधारण ०.४ मिमी जाड असते. नेहमीची कव्हर स्लिप (नमुन्यावरची पातळ काच) ०.१७ मिमीची, आणि १००एक्सचं टोक तिच्यापासून जेमतेम ०.१ ते ०.२ मिमीवर असतं. जाड काचेतून फोकस मिळत नाही, बघणारा लेन्स खाली आणत राहतो आणि शेवटी ती काचेवर टेकते.

पाण्यातल्या ताज्या नमुन्यावर तेल वापरायचंच असेल तर कव्हर स्लिपच्या चारही कडा नेलपॉलिशने बंद करा आणि दहा मिनिटं वाळू द्या. नाहीतर तेलाच्या ओढीने कव्हर स्लिप लेन्सला चिकटून सरकते आणि कडेचं पाणी तेलात मिसळतं. असं गढूळ तेल पुसायला साध्या तेलापेक्षा जास्त वेळ लागतो.

किती तेल

बरीचशी गळती इथेच थांबते. हिशोब करून बघा. १००एक्सचं टोक तेलाला जिथे टेकतं तो भाग सुमारे ५ मिमी व्यासाचा धरला आणि लेन्स व काच यांच्यातलं अंतर ०.१५ मिमी धरलं, तर ती जागा भरायला सुमारे ३ मायक्रोलीटर तेल पुरतं. ड्रॉपरमधून सुटणारा एक थेंब साधारण २० ते ४० मायक्रोलीटरचा असतो. म्हणजे एका थेंबातही गरजेच्या कितीतरी पट तेल आलं, आणि सवयीने दोन थेंब टाकले जातात. उरलेलं तेल स्लाइडवर पसरतं, काठावरून खाली उतरतं, स्टेजवर (स्लाइड ठेवायच्या पाटावर) जातं.

ड्रॉपरऐवजी २-३ मिमी जाडीची काचेची कांडी वापरा. कांडी तेलात बुडवा, बाटलीच्या तोंडाला टेकवून जादा तेल निथळू द्या आणि स्लाइडवर फक्त टेकवा. मोहरीएवढा ठिपका पुरे. काडेपेटीची काडी किंवा टूथपिक नको. लाकडाचे तंतू तेलात राहतात. कांडी स्मिअरवर (स्लाइडवर पसरवलेल्या नमुन्यावर) घासू नका आणि ती तशीच पुन्हा बाटलीत बुडवू नका. एका स्लाइडवरचे जंतू दुसऱ्या स्लाइडवर दिसायचे, हा प्रकार टीबीच्या तपासणीत फार महागात पडतो. तिथे ड्रॉपरच बरा, पण तो स्लाइडला न टेकवता वरून एकच थेंब सोडायचा.

स्लाइड बदलली की दरवेळी नवं तेल लागतंच असं नाही. लेन्सवर राहिलेलं तेल पुढच्या एक-दोन स्लाइडना पुरतं, पण हे फक्त कॉलेजातल्या तयार स्लाइडसाठी. रुग्णांच्या नमुन्यांना ही काटकसर लावू नका.

नोजपीस कुठल्या बाजूला फिरवायचा

नोजपीस म्हणजे लेन्स बसवलेली फिरती चकती. चार लेन्सच्या नोजपीसवर क्रम असा असतो: ४एक्स, १०एक्स, ४०एक्स, १००एक्स, आणि पुन्हा ४एक्स. म्हणजे १००एक्सच्या एका बाजूला ४०एक्स असते आणि दुसऱ्या बाजूला ४एक्स. सगळी गोम इथे आहे.

१०एक्सवर नमुना शोधा, ४०एक्सवर जागा पक्की करून फोकस करा. आता नोजपीस ४०एक्स आणि १००एक्सच्या मधोमध आणून थांबवा. स्लाइडवर उजेडाचा ठिपका दिसतो, नेमका तिथे तेलाचा ठिपका ठेवा. मग १००एक्स हळूच जागेवर आणा. बाजूने बघत राहा, डोळा आयपीसला लावू नका. टोक तेलाला टेकलं की तेल एकदम पसरून चमकतं. त्यानंतर फक्त बारीक फोकसचा स्क्रू फिरवायचा. लेन्स एकमेकींशी जुळवलेल्या असतील तर अर्ध्या-पाऊण फेऱ्यात चित्र येतं.

बाहेर पडताना मात्र ४०एक्सकडे परत जायचं नाही. ४एक्सच्या बाजूने निघायचं. ४एक्सचं टोक स्लाइडपासून बरंच उंच असतं, तिला तेल लागायची शक्यता नाही. ४०एक्सचं टोक स्लाइडपासून ०.६ मिमीच्या आसपास असतं, आणि लेन्स बाजूला होताना ओढलं गेलेलं तेल कडेला याहून उंच साठू शकतं. "जरा परत ४०वर बघतो" म्हणून उलटा फिरवलेला नोजपीसच ४०एक्सचा घात करतो. तेल लावल्यावर ४०एक्स बंद, असा नियम ठेवा. पुन्हा ४०एक्सवर बघायचंच असेल तर स्लाइड काढा, तेल उतरवा, मग बघा.

नोजपीस फिरवताना त्याची खाचांची कडा धरा. लेन्सला धरून फिरवलं की तिचे आटे हळूहळू सैल होतात आणि फोकस जुळेनासा होतो.

पाच भोकांचा नोजपीस असेल तर ४०एक्स आणि १००एक्सच्या मधलं भोक रिकामं ठेवून त्यावर टोपण लावा. टोपण नसलं तर त्या भोकातून धूळ थेट वरच्या प्रिझमवर बसते. याहून चांगला उपाय म्हणजे त्या जागी ५०एक्सची ऑइल लेन्स. रक्ताच्या स्मिअरचं रोजचं काम करणाऱ्या लॅबने नव्या मायक्रोस्कोपची ऑर्डर देतानाच ही लेन्स मागावी. ५० आणि १०० दोन्ही तेलातल्या असल्या की पुढेमागे कसंही फिरवा, बिघडत काही नाही.

कुठलं तेल

सिडरवुड तेल अजूनही बऱ्याच कॉलेजांत आहे. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) काचेशी चांगला जुळतो, पण हवेत ते घट्ट होत जातं आणि लेन्सवर राहिलं तर कडक पापुद्रा धरतं. सिंथेटिक इमर्शन तेल वाळत नाही, अपवर्तनांक १.५१५ ते १.५१८ च्या दरम्यान, म्हणजे काचेइतकाच. सिडरवुड सोडून सिंथेटिकवर येताना लेन्स पूर्ण साफ करूनच नवं तेल लावा. दोन तेलं मिसळली की धूसर थर तयार होतो आणि दोष लेन्सवर येतो.

स्वस्त म्हणून लिक्विड पॅराफिन वापरतात. त्याचा अपवर्तनांक १.४७-१.४८ एवढाच, त्यामुळे बारकावा कमी होतो. शिकवण्यापुरतं चालेल, निदानाला नको. आणि खोबरेल तेल लावायचा शहाणपणा कुणी करू नये. त्याचा अपवर्तनांक आणखी कमी, शिवाय ते २४ अंशांच्या खाली थिजतं. निफाडची डिसेंबर-जानेवारीची सकाळ आठवा, म्हणजे लेन्सवर काय होईल ते कळेल.

सिंथेटिक तेलातही पातळ आणि दाट असे प्रकार मिळतात. टाइप ए साधारण १५० सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), टाइप बी साधारण १२५०. पातळ तेलात बुडबुडे कमी, पण ते वाहतं. दाट तेल जागेवर राहतं, मात्र लावताना घाई केली की बुडबुडा अडकतो. एप्रिल-मेमध्ये पंखा नसलेल्या खोलीत पातळ तेल फार धावतं, तेव्हा दाट बरं. थंडीत दाट तेलाची बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून मग वापरा.

बुडबुडा आहे का हे ओळखायला एक आयपीस काढून नळीतून खाली बघा. प्रकाशाच्या गोल चकतीत काळ्या कडेचा ठिपका दिसला तर तो बुडबुडा. स्क्रू फिरवून तो जात नाही आणि अजून तेल ओतूनही जात नाही. तेल टिपा, नव्याने ठिपका लावा.

स्लाइडच्या खालून जाणारं तेल

हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काठावरून उतरलेलं तेल स्लाइड आणि स्टेजच्या फटीत आपोआप ओढलं जातं. मग स्लाइड चिकटते, क्लिपने सरकवताना अडखळते, आणि तेल मधल्या भोकातून कंडेन्सरच्या वरच्या काचेवर पोचतं. १००एक्सला कंडेन्सर वर चढवलेलाच असतो, त्यामुळे मध्ये मोकळी जागाच उरत नाही. लक्षण असं: सगळ्याच लेन्सवर चित्र फिकं आणि धुरकट दिसतं, कंडेन्सर वरखाली केला की धुरकटपणा बदलतो.

स्लाइड स्टेजवर ठेवण्याआधी तिची खालची बाजू कोरड्या टिश्यूने पुसायची सवय लावा. बॉक्समध्ये ठेवलेल्या जुन्या तेलकट स्लाइड हे या तेलाचं मोठं उगमस्थान. तेल खाचांत उतरतं आणि शेजारच्या स्वच्छ स्लाइडच्या पाठीला लागतं. म्हणून स्लाइड ठेवण्याआधी तिच्यावर टिपकागद नुसता टेकवा, तेल शोषलं गेलं की उचला. घासू नका, मलेरियाचा जाड स्मिअर घासल्याने सरळ निघून येतो.

रोजची सफाई

काम संपलं की १००एक्सचं तेल त्याच दिवशी काढायचं. साहित्य थोडंच: हवेचा रबरी फुगा, लेन्स पेपर, सफाईचं द्रावण, आणि हातात पावडर नसलेले मोजे.

लेन्स मायक्रोस्कोपवर असतानाच सुरुवात करा. टोक खाली असतं, म्हणून द्रावण आत उतरण्याऐवजी बाहेरच राहतं. लेन्स पेपरची दुहेरी घडी टोकाला टेकवून तेल शोषून घ्या, कागद बदला, पुन्हा टेकवा. अजून पुसायचं नाही. दोन-तीन कागदांत बहुतेक तेल जातं. मग नव्या कागदावर द्रावणाचे एक-दोन थेंब घ्या, कागद ओला असावा पण त्यातून ठिबकू नये, आणि मधून बाहेर गोल फिरवत एकदाच पुसा. त्याच कागदाने दुसऱ्यांदा पुसलं की निघालेलं तेल परत लागतं. शेवटी कोरडा कागद हलकेच फिरवा. लेन्सच्या बाजूची धातूची नळीही पुसा; तिथलं तेल रात्रीतून खाली उतरतं.

द्रावणाबाबत मतं बरीच आहेत. लेन्ससोबतच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते पहिलं. झाइसच्या पुस्तिकांत ८५ टक्के एन-हेक्झेन आणि १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असं मिश्रण सांगितलेलं आढळतं. पेट्रोलियम ईथरही तेल छान काढतं. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल तेल नीट विरघळवत नाही, फक्त पसरवतं. झायलीन तेल झटकन काढतं म्हणून सगळ्यांच्या आवडीचं आहे, पण ते लेन्सच्या जोडाच्या गोंदावर, रंगावर आणि प्लॅस्टिकवर उठू शकतं. वाळलेलं सिडरवुड काढायला कधीतरी कागदावर एक थेंब, एवढाच त्याचा उपयोग ठेवा, लगेच कोरडं पुसा. अ‍ॅसिटोन अजिबात नको. हँड सॅनिटायझरही नको. त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो.

ही द्रावणं पेट घेणारी आहेत. स्पिरिटचा दिवा विझवा, खिडकी उघडा, बाटली लहान ठेवा आणि बूच लावून दूर ठेवा.

रुमाल, अ‍ॅप्रनचं टोक, चेहरा पुसायचे सुगंधी टिश्यू, फिल्टर पेपर यांपैकी काहीही लेन्सवर फिरवू नका. कोरड्या लेन्सवर तोंडाने फुंकरही नको, थुंकीचे कण उडतात.

४०एक्सला तेल लागलंच तर

ओळखायचं कसं? १०एक्सवर चित्र स्वच्छ, १००एक्सवर तेलासह स्वच्छ, फक्त ४०एक्सवर दुधाळ. स्लाइड सरकवली तरी दुधाळपणा हलत नाही, आयपीस फिरवला तरी फिरत नाही. मग दोष ४०एक्सचाच. लेन्स काढा, आयपीस उलटा धरून भिंगासारखा वापरा आणि टोकावर तिरपा उजेड पाडून बघा. तेल असेल तर इंद्रधनुषी झाक किंवा कडेने चंद्रकोरीसारखी ओल दिसते.

खळगी असल्यामुळे सपाट घडी आत पोचत नाही. लेन्स पेपर गुंडाळून टोकदार सुरळी करा किंवा बांबूच्या बारीक काडीला शोषक कापूस घट्ट गुंडाळा, काडीचं टोक कापसात पूर्ण झाकलेलं असू द्या. लेन्सचं टोक जमिनीकडे धरून खालून आधी कोरडं टिपा. मग द्रावणाने किंचित ओलसर करून एक फेरा. कापूस फेका, नवा घ्या. पाच-सहा कापूस लागले तर लागू द्या. लेन्स द्रावणात बुडवायची नाही, वरून थेंब सोडायचा नाही. सुटं द्रावण कडेच्या फटीतून आत शिरतं आणि बाहेरचं तेल सोबत घेऊन जातं. मग जो डाग बाहेर होता तो आत होतो.

एक जुनी युक्ती इथे चांगली चालते. पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा मोडा, मोडलेली ताजी बाजू हात न लावता लेन्सच्या टोकावर हलकेच दाबा आणि थोडी फिरवा. थर्माकोल खळगीचा आकार घेतो आणि शेवटची तेलकट झाक उचलतो. त्याआधी फुग्याने धूळ उडवलेली हवी आणि द्रावण पूर्ण उडून गेलेलं हवं, कारण झायलीनसारख्या द्रावणात थर्माकोल विरघळून चिकट होतो.

१००एक्सचा स्प्रिंगवाला भाग

१००एक्सचं टोक आत दबणारं असतं, स्लाइडला धक्का लागला तर काच वाचावी म्हणून. या दबणाऱ्या नळीच्या फटीत तेल चढतं आणि सिडरवुड असेल तर तिथेच जमतं. महिन्यातून एकदा लेन्स पेपर मध्ये धरून टोकाची धातूची कड, काचेला न लागता, एखाद मिलीमीटर दाबून सोडा. झटकन परत यायला हवं. अडखळत आलं तर स्प्रिंग चिकटली आहे, आणि अशी लेन्स पुढच्या धक्क्याला स्लाइड तरी फोडते किंवा स्वतःची काच तरी.

खालून बघायच्या मायक्रोस्कोपवर

इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपमध्ये लेन्स खाली, टोक वर. तेलाला उतरायला नळीचा रस्ता मोकळा असतो, आणि ते थेट नोजपीसच्या आट्यांत व पुढे आतल्या प्रिझमकडे जातं. इथे दाट तेल वापरा आणि ठिपका लेन्सच्या टोकावर ठेवा, तोही अर्धाच. टोकापासून ५ मिमी खाली, नळीभोवती सेंटिमीटरभर रुंद टिपकागदाची पट्टी दोन वेढे गुंडाळून बारीक रबरबँडने धरा. ओघळ तिथे शोषला जातो. पट्टी स्प्रिंगच्या हालचालीला आणि काही लेन्सवर काचेच्या जाडीनुसार फिरवायचं जे कडं असतं त्याला अडवत नाही ना, नोजपीस फिरताना स्टेजला घासत नाही ना, हे आधी हाताने फिरवून बघा. ओली दिसली की बदला. लेन्स बदलण्याआधी ती पूर्ण खाली उतरवा. नेहमीच्या प्लॅस्टिक पेट्री डिशचा तळ सुमारे १ मिमी जाड असतो, त्यातून ऑइल लेन्स फोकस होत नाही, ०.१७ मिमी काचेच्या तळाची डिश लागते.

पाण्याच्या इमर्शन लेन्सला डिस्टिल्ड पाणीच वापरा. बोअरचं पाणी सुकलं की क्षारांची पांढरी कड उरते. तेलाऐवजी ग्लिसरीन वापरलं असेल तर ते डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या कागदाने निघतं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर तेलकट लेन्स आणि दमट हवा हे बुरशीला आमंत्रण. तेलाच्या थराला धूळ धरते, धुळीवर बुरशी वाढते. काम झाल्यावर लेन्स साफ करून कपाटात ठेवा. कपाटात १५ वॉटचा बल्ब, किंवा बंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. निळं जेल गुलाबी झालं की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. मशिनवर नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलं तर ओल आतच कोंडते. सुती कव्हर बरं.

दुरुस्तीला कधी द्यायची

बाहेरून चकचकीत करूनही चित्र धुरकट राहिलं तर लेन्स काढून मागच्या भोकातून उजेडाकडे बघा. आत चंद्रकोर, थेंब किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तेल किंवा बुरशी आत गेली आहे. शंका असेल तर साफ केलेली लेन्स टोक खाली करून पांढऱ्या लेन्स पेपरवर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलकट वलय उमटलं तर फटीत तेल साठलेलं आहे. पुढची काच स्वतः उघडू नका. आतल्या भिंगांमधलं अंतर मायक्रॉनमध्ये बसवलेलं असतं आणि घरच्या पकडीने ते परत जुळत नाही.

पाठवताना लेन्स तिच्या आट्याच्या डबीत ठेवा, टोकाभोवती लेन्स पेपर, कापूस नको. सोबत चिठ्ठी द्या: कुठलं तेल वापरलं, कुठल्या द्रावणाने पुसलं, झायलीन लागलं होतं का, धुरकटपणा कधीपासून. कारागिराला गोंद विरघळला आहे की नुसतं तेल शिरलं आहे, याचा अंदाज यावरून येतो.